आप्पा पाठ करून बसले तेव्हा

रविवारी सकाळी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा चहा उचलला आणि अंगणाच्या पार टोकाला, लिंबाखाली नेऊन ठेवला. मग माझ्याकडे पाठ करून तिथंच दगडावर बसले... मी ओट्यावर, शेजारी वॉकर, आणि चहा वीसेक पावलांवर.

बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी सांगते. फेब्रुवारीत मैत्रिणींबरोबर मनालीला गेले होते. तिथं हौसेनं स्कीइंग केलं आणि दुसऱ्याच दिवशी पडले. पायातली स्कीची फळी सुटली नाही, पाय मात्र तिच्याबरोबर फिरला... गुडघ्याखालचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. कळंबला मी शाळेत शिकवते, तिथली माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, म्हणून सोनारीजवळच्या आमच्या वाडीवर आई-आप्पांकडे येऊन पडले.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "बर्फात काय पेराय गेलतीस का गं?" मीही हसायचे. पण आतून मी पार घाबरलेली होते. जमिनीला पाय टेकवायचा नुसता विचार केला तरी घाम फुटायचा.

पडताना आवाज आला होता... तुरीची वाळलेली काटकी, तुराटी, मोडावी तसा. आई रोज सकाळी अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवते, तुराट्या मोडते, आणि दर वेळी माझा हात गुडघ्याकडे जातो. एकदा तर मी तिच्यावर ओरडले, बाहेर जाऊन मोड म्हणून. ती बिचारी तुराट्या उचलून बाहेर गेली.

आता खरं सांगायचं तर मी घरच्यांशी खोटं बोलले होते. तीन आठवड्यांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाड छान जुळलंय, वॉकर सोडा, पूर्ण वजन टाका. मी बाहेर येऊन आप्पांना म्हणाले, "अजून महिनाभर वॉकर लागंल म्हणालेत." ते दाराबाहेर चपलांपाशी बसलेले होते. नुसतं "बरं" म्हणाले.

शाळा सुरू व्हायला आठ दिवस राहिले होते. माझा वर्ग दुसरीचा... मधल्या सुट्टीत पोरं धावत येऊन पायालाच मिठी मारतात. त्यात कुणी आदळलं आणि परत तो आवाज आला तर? मी मोबाईलमध्ये राजीनामा लिहून ठेवला होता. फक्त पाठवायचा बाकी होता.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. एखाद्या कोकराचा पाय मोडला तर आप्पा कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कामट्या लावून बांधतात. त्या रविवारच्या दोनच दिवस आधी एकाच्या कामट्या सोडल्या, पाय बरा झाला होता, पण कोकरू काही तो खाली टेकवेना. तीन पायांवर उभं राहून नुसतं ओरडत होतं.

आप्पांनी सगळा कळप बांधापलीकडं नेला आणि पाठ करून बसले. मला राग आला, किती निर्दयपणा हा, असं मी बोललेसुद्धा. ते म्हणाले, "वळून बघितलं की ते थांबतंय बघ. आपुन बघत न्हाय म्हणल्यावर येतंय." अर्ध्या तासानं ते कोकरू लंगडत, पण चारी पायांवर त्यांच्यापाशी गेलं.

म्हणजे रविवारी माझी पाळी होती तर...

चिडून वॉकर घेतला आणि निघाले. मध्यावर गेल्यावर बघते, तर एका बाजूला बाज आडवी टाकलेली, दुसऱ्या बाजूला मेंढरांची पाण्याची दगडी डोणी सरकवलेली. मध्ये एकच फट. मेंढरं मोजून एकेक सोडताना आप्पा अशीच फट ठेवतात. माणूस जाईल, वॉकर जाणार नाही.

"आप्पा, बाज सरकवा की." मी ओरडले. "आप्पा, मी पडंन." पाठ हलली नाही.

वॉकर सोडला, बाजेची कड धरली. पाय टेकवला... कान फक्त त्या आवाजाची वाट बघत होते.

आवाज आला नाही.

दुसरं पाऊल. तिसरं. बाज संपली आणि धरायला काहीच उरलं नाही. तिथं मी रडायलाच लागले, पण रडत रडतच चालले. मोजली होती, अकरा पावलं. आप्पांचा खांदा हाताला लागला तेव्हा कुठं श्वास सोडला.

चहावर साय धरली होती. आप्पांच्या हातात त्यांचा मोबाईल होता. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "डाक्टरचं बोलणं म्या भाईर ऐकलं व्हतं. म्हणलं, तूच टाकशील वॉकर... तीन हप्ते वाट बघितली." मग मोबाईल पुढं केला. "ह्ये लाल काय लागलंय बघ, बंद हुईना."

सेल्फी कॅमेरा चालू होता. पाठ करून बसलेला हा माणूस त्यात मला बघत होता, आणि गडबडीत रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं होतं.

संध्याकाळी तो व्हिडिओ लावला. अर्ध्या स्क्रीनवर आप्पांचा पटका आणि एक कान, कोपऱ्यात वाकडीतिकडी येणारी मी. आणि वीस पावलांवरून मला ऐकूच न आलेला त्यांचा पुटपुटता आवाज... "टाक माय... टाक... भैरवनाथा, धर तिला... टाक माय..."

येत्या सोमवारी शाळेत जाते आहे. भीती गेलेली नाही, तीही बरोबर येईल. राजीनामा डिलीट केला. व्हिडिओ ठेवलाय.