कोरियाचे तीन मजले

“शेजारच्या हुंगच्या बायकोने कोरियात राहून घरावर तीन मजले चढवले, आणि आपण बसलोय तुझ्या तैवानचे दोन घेऊन!” थोआच्या नवऱ्याचा, क्वेनचा आवाज अंगणापर्यंत गेला.

“मग तुम्हीच जा ना कोरियाला,” थोआ भाताचं पातेलं उतरवत म्हणाली.

“माझं वय उलटलं. तुला वयोमर्यादेला अजून एक वर्ष बाकी आहे. भाषेच्या परीक्षेचा अर्ज उद्याच भरायचाय, लानच्या आई!”

व्हिएतनामच्या न्घे आन प्रांतातल्या त्यांच्या गावात कुठला देश किती पुढे गेला, हे तिथे राबून आलेल्यांच्या घरांवरून ठरायचं. मलेशियाचा एक मजला, तैवानचे दोन, कोरियाचे तीन. थोआनेही तेच खरं मानून तैवानमध्ये आठ वर्षं एका म्हातारीचं हगणं-मुतणं काढलं होतं. परतली तेव्हा बसथांब्यावर लानने तिला “मावशी” म्हणून हाक मारली होती.

“तैवान काही मागे नाहीये,” ती म्हणाली. “मागे होता तो माझा पगार. हुंगची बायको कारखान्यात होती, मी कुणाच्या तरी घरात होते.”

“तेच म्हणतोय मी! आता तूही कारखान्यात जा.”

“जाणार आहे.”

क्वेनचा चेहरा उजळला. जेवणाचे वाडगे मांडणाऱ्या लानचा हात वाडग्यावरच थांबला.

“तालुक्याच्या बुटांच्या कारखान्यात. सोमवारपासून. संध्याकाळी घरी येईन,” थोआ म्हणाली. “घर दोनच मजल्यांचं राहील. बसा जेवायला.”