थोरल्या साडूंचा पूल

अख्ख्या देशात रेल्वेचा पूल म्हणावा असा एकच, तो नागभीडकडच्या आमच्या नदीवरचा, अशी माझ्या थोरल्या साडूंची पक्की समजूत. छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, ते चाबीवाले होते. रोज हातोडा घेऊन रूळ तपासत चालायचं, हे त्यांचं काम. लाइन बंद झाली, रूळ उखडून नेले, तरी पुलाचे खांब ठोकून पाहिल्याशिवाय ते चहा घेत नसत. माझ्या लग्नात तर मला बाशिंगासकट तिकडे नेलं. मुहूर्त टळला, आणि सासूबाई अजून माझ्यावरच चिडतात.

दाखवलं काय, तर तिसऱ्या खांबातला एक दगड. पूल बांधणाऱ्या पाथरवटांना लिहिता येत नसे, म्हणून आपलं काम ओळखू यावं यासाठी जो तो दगडावर खूण कोरायचा. साडूंच्या आजोबांची खूण होती मासा.

पुढे मोठ्या लाइनचा नवा पूल झाला. समारंभात एक साहेब म्हणाले, "जुना पूल इंग्रजांनी बांधला." झालं! साडू भर मंडपात उभे राहिले.
"काऊन जी, इंग्रज गोटे फोडत होते का? माह्या आज्यानं फोडले!"
लोक हसले. साहेबही हसले, याचा मला अजून राग येतो.

जुना पूल पाडणार हे कळल्यावर साडूंनी अर्ज केला: पूल न्या, फक्त तो माशाचा दगड मले द्या. कचेरीतल्या बाबूने विचारलं, दगड तुमच्या आजोबांचाच कशावरून? दुसऱ्या दिवशी साडूंनी आजोबांनीच घडवलेला घरचा पाटा सायकलला बांधून कचेरीत नेला आणि टेबलावर आदळला. त्यावर तस्साच मासा. बाबूने तो नीट निरखला आणि म्हणाला, "याची झेरॉक्स जोडा."

आता बोला! पाट्याचा फोटो काढून जोडला, सही राहिली म्हणून अर्ज परत आला, पुन्हा दिला. तेवढ्यात ठेकेदाराने सगळे खांब क्रशरमध्ये घालून गिट्टी केली आणि नव्या लाइनखाली पसरली. एका दगडासाठी चार दिवस थांबले असते, तर कोणाचं काय बिघडलं असतं?

परवा त्यांच्याबरोबर लाइनच्या कडेने चालत होतो. ते वाकले, थोडी गिट्टी ओंजळीत घेतली आणि एकेक खडा उलटून बघू लागले.
"साडभाऊ," ते म्हणाले, "यातली माह्या आज्याची कोनती असन?"
पुलाबद्दल त्यांनी मला काही विचारावं, असं आजवर कधी झालं नव्हतं. मीही वाकून मूठभर गिट्टी उचलली.