पांढरा खडक

दिआमांतिस समुद्रात वाट चुकतो असं कुणी सांगितलं असतं, तर त्या ग्रीक बेटावरच्या कॉफीच्या दुकानात हशा पिकला असता. बहात्तर वर्षांचा माणूस, त्यातली साठ पाण्यावर गेलेली. जाळी फाडणाऱ्या सीलना त्याने जन्मभर शिव्या घातल्या. सागरी उद्यान झालं तेव्हा तो अधिकाऱ्यांच्या अंगावर धावून गेला आणि दोन वर्षांनी आपल्याच नौकेतून तेच सील दाखवायला पाहुणे नेऊ लागला. ताठा मात्र तसूभर कमी झाला नाही.

या जूनमध्ये मात्र आठवड्यात तिसऱ्यांदा त्याला बुडालेला कडा सापडला नाही. नौकेची सगळी पत त्या कड्यावर होती. नेमक्या जागी उतरलं तर खाली मोठाले हेकरू मासे आणि सीलची कपार. पन्नास हात चुकलं तर नुसतं निळं पाणी.

आज सहा पोलिश पाहुणे मास्क लावून उतरले आणि तोंडं पाडून वर आले. त्यांना पाण्यात नेणारी त्याची मुलगी एव्दोकिया ओलेत्यानेच सुकाणूपाशी आली.

"बाबा, खूण सांगा ना. जीपीएस यंत्रात टिपून ठेवते."

"खूण सांगायची नसते. तुझ्या आजोबांनी मलासुद्धा मरायच्या आदल्या वर्षी सांगितली."

"मग उद्यापासून सुकाणू मी धरते, तुम्ही दोर सांभाळा. आणि व्होलोस शहरात जाऊन डॉक्टरांना एकदा डोकं दाखवू."

"माझ्या डोक्याला काय धाड भरलीय?" तो खेकसला. पण त्याचा थोरला भाऊ शेवटी पोटच्या पोरांची नावं विसरला होता.

खूण तर सोपी होती. भूशिरावरच्या छोट्या ख्रिस्ती देवळाची घंटा पांढऱ्या खडकाच्या डोक्यावर आली आणि डावीकडे पडकी पवनचक्की डोकावली, की इंजिन बंद करायचं. देऊळ होतं, पवनचक्की होती. पांढरा खडक कुठे गेला? खाली करड्या खडकांची रांग, सगळे सारखे. खडकाला काय पाय फुटतात? की तो पांढरा कधी नव्हताच? कुणाला विचारावं, तर खूण फुटणार. त्याने ती ओरानियालाही, सेहेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोलाही, कधी सांगितली नव्हती. आणि गेल्या ऑक्टोबरात तीही वारली होती.

दुपार कलल्यावर तो भूशिरावर चढला. शेजारची म्हातारी मारिगो देवळाची फरशी धूत होती.

"मारिगो," तो आडून आडून म्हणाला, "इथले खडक यंदा काळे पडलेत का गं?"

"काळे? ते मुळातलेच काळे. एकच काय तो पांढरा असायचा, तोही तुझ्या बायकोची कृपा."

"म्हणजे?"

"ईस्टरच्या आधी आम्ही देवळाला चुना द्यायचो ना, तर उरलेली बादली घेऊन ही शेळीसारखी खाली उतरायची. आधी तुझी आई उतरायची, तिनेच हिला शिकवलं. मी ओरडायचे, अगं, पडशील! तर म्हणायची, त्याला बोलू नकोस हं, आपल्या गुपिताचा त्याला फार अभिमान आहे. हिवाळ्याच्या पावसात चुना धुऊन गेला, यंदा कोण उतरणार होतं? ती बघ बादली, झाकून ठेवलीय."

दिआमांतिस पायरीवर बसला. डोकं शाबूत आहे याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो रडू लागला. मारिगोने उरलेली फरशी पुसली.

बादली घेऊन तो धक्क्यावर आला. एव्दोकिया मास्क धूत होती.

"उद्यापासून सुकाणू तू धर," तो म्हणाला. "पण आत्ता दोर घे आणि माझ्याबरोबर चल. तुझ्या आईचं एक काम राहिलंय."