दोन हेडं आणि एक उजवा कौल

देवीला कौल लावायला मी विश्वासाने गेले नव्हते, भीतीने गेले होते. ह्यांना हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं. यकृत कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, आता घरच्या माणसांत ठेवा, एवढंच सांगितलं. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या घराच्या पडवीत ह्यांची खाट टाकली. समोर अंगणात आमचा जुना ट्रक बंद पडून उभा होता आणि ह्यांची नजर दिवसभर त्याच्यावर. रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरून ऑइल दुधाळ झालं होतं. इंजिनाच्या डोक्यावरची दोन्ही जड लोखंडी हेडं तडकली आहेत, हे ह्यांनी खाटेवरूनच सांगितलं. लग्न झाल्यापासून ट्रकच्या दुरुस्तीत मी ह्यांच्या हातात नट आवळायचे पाने देत आले, त्यामुळे मलाही थोडं कळतं. माझ्यापेक्षा तुमची ओळख त्या ट्रकशीच जास्त, असं मी चिडवायचे आणि हे हसून तोंड फिरवायचे. आता मात्र लेकरासारखा एकच हट्ट: ट्रक एकदा चालू झालेला ऐकायचा.

देवळात गुरवाने देवीच्या अंगावर कळ्या लावल्या आणि काय विचारायचं ते विचारलं. हे जगतील का, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण डावीकडची कळी पडून नाही असा कौल आला असता तर घरी कुठल्या तोंडाने गेले असते? म्हणून मी, ट्रक चालू होईल का, एवढंच विचारलं. आणि मनातल्या मनात पुढचं जोडून टाकलं, की ट्रक चालू झाला तर हे उठतील. उजवी कळी पडली. मी रडत घरी आले आणि ह्यांना म्हटलं, देवीने हो म्हटलंय. काय विचारलं होतं ते सांगितलं नाही.

त्या जुन्या इंजिनाची हेडं आता मिळत नाहीत. रोह्यात चौकशी झाली, पेणला झाली. शेवटी इंजिन ओळखता यावं म्हणून हेडाखाली बसते ती जुनी पत्र्याची गॅस्केट पिशवीत घालून मी वडखळला गेले आणि सगळी गॅरेजं पालथी घातली. कोणी नाही म्हणालं, कोणी हसलं. एकाने तर ट्रक भंगारात घाला म्हणून सल्ला दिला. त्याला मी काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. नाक्यावर एसटीची वाट पाहत बसले, गॅस्केट मांडीवर आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने गॅस्केटकडे बघितलं आणि गाडी कुठली ते अचूक ओळखलं. तो पेणजवळच्या जोह्याचा होता. त्याच्या वडिलांचा तसलाच ट्रक होता, गणपतीच्या मूर्ती भरून न्यायचे. वडील गेले तेव्हापासून ट्रक शेताच्या कडेला उभा होता, आणि आईला तो मोडवत नव्हता. मी ह्यांच्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, हेडं मी घेऊन येतो. आईला मी सांगतो."

मला वाटलं, असं बोलणारे पुष्कळ भेटतात. पण दोनच दिवसांत हेडं टेंपोत घालून तो खरंच अंगणात हजर झाला. येताना पेणला त्यांचा तळ घासून सपाट करून आणला होता. काम त्यानेच केलं. हेड उचलायला शेजारचे आले, पाने द्यायला मी होतेच. हे खाटेवरून सांगत होते, नट मधून सुरू करा, मग बाहेर या, एकदम आवळू नका. आवाज खोल गेला होता, पण कामाचा होता. कितीतरी दिवसांनी त्या दुपारी हे पोटभर पेज जेवले. मी देवीला हात जोडले. माझा हिशेब बरोबर चालला होता.

ट्रक चालू झाला तेव्हा अंगणभर धूर झाला आणि मग इंजिन एका लयीत चालू लागलं. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं. गालावरून पाणी वाहत होतं. मी केबिनमध्ये स्टिअरिंग धरून बसले होते. जोह्याच्या त्या माणसाने इंजिन पुरेसं गरम झालं म्हणून बंद करायला सांगितलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याने पुन्हा सांगितलं. माझा हात उठेना. मला वाटत होतं, हा आवाज आहे तोवर हे आहेत. ह्यांनी माझ्या मनातलं बरोबर ओळखलं. शेजाऱ्याच्या खांद्यावर भार टाकून हे ट्रकपर्यंत आले. माझ्याकडे बघितलं.

"बंद कर गो. थंड झाल्याशिवाय नट परत आवळता येत नाय."

"तुम्हाला काही झालं तर?"

"व्हायचं ते व्हनारच हाय. तू किती वेळ धरून बसशील?"

इंजिन बंद करायचा नॉब मी ओढला. अंगणात एकदम शांत झालं. हे तसेच उभे होते. मग हळूच म्हणाले, भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर नट पुन्हा आवळले गेले. ह्यांनी प्रत्येक नटाला मान हलवली. संध्याकाळी, मी तुळशीपाशी दिवा लावून आत आले, तेव्हा हे गेले होते. चेहरा निवांत होता.

देवी खोटं बोलली असं मला काही महिने वाटत राहिलं. देवळावरून जाताना मी मान वळवायचे. मग हळूहळू कळलं, मी विचारलं त्याचं उत्तर तिने दिलं होतं. पुढचं मीच जोडलं होतं. आणि मी न मागितलेलं तिने किती दिलं! वडखळच्या नाक्यावर एक अनोळखी माणूस दिला, ह्यांना शेवटचे दोन दिवस मिस्त्रीसारखे जगायला दिले. आता देवळात जाते तेव्हा कळ्या लावायला सांगत नाही. हे अजून असायला हवे होते, हे तिला रोज सांगते. रडू येतं, तिथेच रडते. आणि त्या दुपारी ह्यांचं ऐकून हात सोडायचं बळ मला दिलं, म्हणून डोकं टेकून घरी येते.