साडभाऊची सायकल

आमच्या फुलचुरात उतारावर माझ्याएवढी सायकल कोणीच पळवत नाही. ब्रेक लागत नाही, म्हणून पळते. लग्नाआधीची जाड्या चाकायची गियरवाली सायकल हाय. थांबायचं असलं का मी पायातली चप्पल समोरच्या चाकावर दाबतो.

कुडव्याचा माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, परवा नवीन सायकल घेऊन आला. समोर स्प्रिंग, मागं स्प्रिंग, डिस्क ब्रेक. सायकलवाल्यायसाठी टेकडीवर मुद्दाम वळणावळणाची वाट बनवली हाय, तिथं आमी गेलो. आमच्या बायका खाली थांबल्या. तो गादीवर बसल्यासारखा उड्या मारत उतरला. मी दात वाजवत उतरलो, तं माझी बायको त्याच्याच सायकलीकडे पाहून राहिली होती.

"या भंगाराऐवजी अशी सायकल असती तं मी बी उडलो असतो," मी म्हणलो.

"मंग घ्या ना भाऊ," साडभाऊ म्हणाला.

आमी सायकली बदलल्या अन् पुन्हा वर चढलो. माझा खटारा घेऊन तो पाय घासत घासत समोर गेला. मी मागून निघालो. काय मऊ चालत होती! पण मोठं वळण आलं अन् सवयीनं चप्पल समोरच्या चाकावर गेली. ती तारायत अडकली. मी सायकलीवरून उडून झुडपात पडलो. साडभाऊ खाली धड उभा होता.

बायको धावत आली. तिनं पहिले सायकल उचलली, मंग माझ्याकडे पाहिलं.

"सायकलीले काऊन नावं ठेवता जी? भंगार तं तुमी हाव."