जाधवकाकू ‘खा’ म्हणत नाहीत

आमच्या म्हैसूरच्या अळंबी-ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं की एकच किस्सा सांगायचा असं ठरवतो, आणि चहा गार होईपर्यंत थांबत नाही! माणसं मोजकीच. मी, आयटीतले देशपांडे आणि जाधवकाकू. काकू बॉटनीच्या निवृत्त प्राध्यापक. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत, म्हणून घरचं मराठी निम्मं कन्नड. रविवारी त्या आम्हाला रानात नेतात. अळंबीचं नाव सांगतात, विषारी असेल तर तेही सांगतात. पण “खा” असं त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही.

*

एकदा काकूंनी एका वाळक्या गोल अळंबीला काटकीनं टिचकी मारली. भस्सकन धूर! तिरप्या उन्हात तो तरंगत वर गेला.

“मॅडम, हिनं श्वास सोडला!” देशपांडे पुटपुटले.

“श्वास न्हवं ओ, पोरं धाडली तिनं!”

*

एका पांढऱ्याशुभ्र अळंबीला देशपांड्यांच्या ॲपनं दोन नावं दिली. एक चविष्ट, दुसरं जीवघेणं!

“चविष्टला पर्सेंटेज जास्त आहे, मॅडम!”

“फोनला जेवायचं नाही की ओ, म्हणून धीट हाय त्यो!”

*

मग काकूंनी रीत शिकवली. अळंबीची टोपी कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची, खाली झडलेल्या बीजाणूंचा रंग बघायचा; पांढरा निघाला तर विषाचा संशय धरायचा. देशपांड्यांनी हूटगळ्ळीच्या घरी त्या पांढऱ्या अळंबीसाठी पांढराच कागद घेतला. सकाळी मेसेज: “कागद कोरा. नो पॉयझन!”

“अय्यो, पांढऱ्यावर पांढरं दिसंल काय?” काकूंनी दुसरी टोपी काळ्या कागदावर ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी आमच्यासमोर वाटी उचलली. पांढऱ्या रेषांचं चक्र, केसाहून बारीक, कुणाचा हात न लागता उमटलेलं! “माझ्या वाटीखाली विष!” म्हणून तणतणणाऱ्या मिसेस देशपांडेही वाकून बघत राहिल्या. वाटी त्यांनी फेकून दिली. कागद मात्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय.

*

सरगूरला काकूंच्या धाकट्या भावाच्या शेतावर आम्ही जेवायला गेलो. वहिनींनी वारुळाजवळच्या अळंब्यांचं सांबार केलं होतं. पानं वाढली, भावाची नात मांडी घालून बसली. तेवढ्यात काकूंनी विचारलं, “बुडखे कुठं टाकले?”

“उकिरड्यावर,” वहिनी म्हणाल्या. अळंबी साफ करताना बुडखे कापून टाकायचेच!

“कुणी तोंडात घालू नका!” काकू पदर खोचून उकिरडा उकरायला बसल्या. भाऊ भडकला. “अक्का, पाहुण्यांसमोर माझ्या घरच्या अन्नाचा अपमान?”

बुडखे निघत गेले. सगळे वारुळातल्या अळंबीचे, लांब मुळाचे. मग एक निघाला बिनमुळाचा. तळाशी पांढरी पिशवी, अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी.

“हे एक पुरे होतं, तम्मा. सगळ्यांना,” काकू धाकट्या भावाला म्हणाल्या.

भावानं सांबाराचं पातेलं उचलून खड्ड्यात पालथं केलं. नातीचे हात स्वतः धुतले. परत आला तर काकू तिथंच, तो बुडखा तळहातावर घेऊन उन्हात न्याहाळत होत्या.

“इकडं ये,” त्या म्हणाल्या. “हळू धर. मोडंल!”

प्रसाद घ्यायला करतात तसे त्यानं दोन्ही हात पुढं केले.