बियाण्याची मुडी

शेणवा गाव, १९६२, होळीनंतरचा रविवार. घरात आबा, आई, शेजारची काशीकाकू आणि बारा वर्षांची मी. बिऱ्हाड मुंबईला हलवायचं होतं, म्हणून काय न्यायचं आणि काय ठेवायचं ते ठरत होतं.

कीड लागू नये म्हणून चुलीच्या धुरावर टांगलेली, पेंढ्यात बांधलेली भाताच्या बियाण्याची मुडी आईनं खाली उतरवली.

“खोलीत भात लावशील काय गो?” आबा हसले.

“लावू द्या की. कापनीला मी येन!” काकू म्हणाली.

आई हसली नाही. “नेलं नाय, तर परत आल्यावर पेरायचं काय?”

आबांनी मान खाली घातली आणि मुडी सामानात सगळ्यात वर बांधली. मला वाटलं, आईचा हट्ट जिंकला. शेत आदल्या दिवशीच विकलं होतं, हे आम्हा दोघींना पुष्कळ वर्षांनी कळलं. तरीही आईनं मुडी टाकली नाही.

आई गेली. तिची खोली आवरताना आज माळ्यावर मुडी मिळाली. धुराचा वास अजून तसाच आहे. बी केव्हाच मेलं असणार. भांडी दिली, कपडे दिले, उद्या किल्ली परत करायची आहे. मुडीची गाठ तेवढी सोडायची राहिली आहे.